माहितीची वखार आणि कांद्याची चाळ

७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबविली. अधिसूचनेपूर्वी जहाजावर चढू लागलेल्या किंवा सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेलेल्या मालाला मात्र मुदतीची सवलत होती. त्यामुळे लासलगाव-पिंपळगाव परिसरातील निर्यातदार पेढ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: या घटकेला आपला कोणता माल कोठे आहे? चाळीत किती, वाटेत किती, बंदरावर किती? ज्या पेढीचा हिशेब महिनाअखेरीस जुळतो, तिला या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री मिळणे कठीणच होते.

वास्तविक व्यापारी घराण्यांना नोंदींचे महत्त्व शिकवावे लागत नाही. रोजमेळात त्या त्या दिवसाची जमा-नावे, खतावणीत प्रत्येकाचे खाते आणि वर्षाअखेरीस ताळेबंद, अशी ही तीन पायऱ्यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दिवाळीत वहीपूजन होते ते याच शिस्तीचे. पेढी एका गादीवर चाले तोवर मुनीमजींची स्मरणशक्ती हीच पेढीची अर्थबुद्धी होती. शाखा वाढल्या, विक्रीची बिले एका संगणकात, गोदामाची नोंद दुसऱ्यात आणि वाहतुकीचा हिशेब चालकाच्या फोनवर गेला, तेव्हा एका माणसाच्या ध्यानात सर्व राहणे अशक्य झाले.

ज्याला आज ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात, त्याची कल्पना आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली एका लेखात मांडली होती. पुढे बिल इनमन यांनी १९९२ मध्ये आणि राल्फ किंबॉल यांनी १९९६ मध्ये ग्रंथ लिहून ‘डेटा वेअरहाऊस’ची, म्हणजे माहितीच्या वखारीची, रीत घालून दिली. खरेदी, विक्री व साठा यांच्या नोंदी बहुधा रात्री एकत्र उचलायच्या, स्वच्छ करायच्या, एका साच्यात बसवून वखारीत ठेवायच्या आणि सकाळी त्यांतून अहवाल काढायचा. पाच वर्षांत कोणत्या महिन्यात कोणता माल उठला, कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी लांबत गेली, हे सांगण्यास ही वखार आजही उत्तम आहे. तिची उणीव एवढीच की ती कालचे सांगते.

नाशिककरांस हा भेद कांद्यावरून सहज कळेल. उन्हाळ कांदा नीट सुकवून हवेशीर चाळीत ठेवला तर काही महिने टिकतो. लाल कांदा मात्र आला की विकावाच लागतो. डिसेंबरात बाजारात असतो तो हाच लाल कांदा. माहितीचेही असेच दोन प्रकार आहेत. वर्षांची तुलना करावयाची ती उन्हाळ माहिती, तिला वखार हवी. गाडी कोठे पोहोचली, आज लिलावात काय भाव निघाला, ही लाल माहिती. ती दुसऱ्या दिवशीच्या अहवालात आली तर तिचे मोल उरत नाही.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत वखारीच्या कल्पनेचा फेरविचार सुरू झाला. २०१० च्या सुमारास ‘डेटा लेक’ हा शब्द आला: सर्व नोंदी आहेत तशा एका तळ्यात साठवाव्यात आणि गरजेनुसार उपसाव्यात. पण राखण न केलेल्या तळ्याचे डबके होते, हा अनुभव लवकरच आला. मग वखारीची शिस्त व तळ्याची मोकळीक एकत्र आणणारी ‘लेकहाऊस’ पद्धत पुढे आली. झमाक देहगानी यांनी २०१९ मध्ये ‘डेटा मेश’ मांडताना म्हटले, की ज्या विभागात माहिती जन्मते त्यानेच तिची जबाबदारी घ्यावी. पूर्वी यासाठी महागडी यंत्रे विकत घ्यावी लागत. आता भाड्याच्या क्लाउडवर वापराइतकेच पैसे मोजता येतात. त्यामुळे मध्यम पेढीलाही हे मार्ग खुले आहेत.

मात्र यंत्र नवे आणि नोंद अशुद्ध, तर अहवालही अशुद्धच. एकाच गिऱ्हाइकाची तीन नावांनी तीन खाती असतील, तर त्याची खरी उधारी कोणतीही प्रणाली सांगू शकणार नाही. यासाठी जीएसटी क्रमांकासारखी एकच ओळख सर्वत्र वापरणे, हे पहिले आणि जवळजवळ फुकटचे काम आहे.

दुसरे काम साठा आवरण्याचे. अपरिग्रहाचे तत्त्व येथेही लागू पडते. कायद्याने जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे, त्या जपाव्यातच. परंतु गिऱ्हाइकांची वैयक्तिक माहिती हेतू संपल्यावर, अन्य कायद्याची गरज नसेल तर, पुसून टाकावी, असेच २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. निष्कारण साठविलेली माहिती ही संपत्ती नसून जोखीम आहे.

पाटण व जैसलमेरच्या ग्रंथभांडारांनी शतकानुशतके पोथ्या राखल्या. ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून झटकण्याची, त्यांना वेष्टने बदलण्याची प्रथा त्या राखण्याचाच भाग आहे. त्याच तिथीला, लाभपंचमीस, अनेक पेढ्या नव्या वर्षाचा व्यवहार उघडतात. त्या दिवशी नव्या वहीसोबत जुन्या नोंदींचीही झाडझूड व्हावी. कोणते निर्णय तातडीचे, त्यांस कोणती माहिती लागते आणि ती कोणी नोंदवायची, हे कागदावर उतरवावे. संगणक विकत घेण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली, शुल्क मात्र १ एप्रिल २०२५ पर्यंत या ना त्या दराने राहिले. धोरण पुन्हा बदलेल. ते पेढीच्या हाती नाही. आपला माल कोठे आहे हे त्याच रात्री सांगता येणे, एवढे मात्र तिच्या हाती आहे.