आधार क्रमांक : नोंदणीच्या वेळी शेजारी बसणाऱ्याचे काम

रौप्यमहोत्सवाच्या या स्मरणिकेत ट्रस्टच्या कार्याचे गुणवर्णन करणारे लेख इतरत्र येतीलच. चालकांनी आमच्याकडे सोपविलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. आधार क्रमांकाची नोंदणी कशी होते, तीत आपल्या भागातील माणसांची अडचण नेमकी कोठे होते आणि ट्रस्टच्या मदत-टेबलावर बसणाऱ्यांनी काय करावे, हे सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना समजेल अशा रीतीने सांगावयाचे आहे. आम्ही पेशाने शिक्षक. सबब थोडे शिकविल्यासारखे वाटले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आरंभी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या मोहल्ल्यात एक वृद्ध खाला आहेत. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. पहिल्या नोंदणीच्या वेळी त्यांना केंद्रावर घेऊन जाणारे, त्यांच्या शेजारी बसणारे आणि कागदावर त्यांचा अंगठा घेऊन देणारे आम्हीच होतो. केंद्रावर गर्दी होती, दुपारच्या शाळेची वेळ झाली होती. समोरच्या पडद्यावर त्यांचे नाव आले, त्याकडे आम्ही नजर टाकली, 'बरोबर आहे' म्हणालो आणि उठलो. पुढे त्यांचे यजमान वारले. मृत्यूच्या दाखल्यावर पत्नीचे नाव 'बेगम' जोडून लिहिलेले, आधारवर तेच नाव 'बी' जोडून. विधवा पेन्शनचा अर्ज परत आला. गावात त्यांना ओळखत नाही असे लहान मूलही नाही. परंतु कागदांनी एकमेकांस ओळखले नाही. तो घोळ निस्तरेपर्यंत दोन पावसाळे गेले, आणि त्या दोन पावसाळ्यांत त्या घरी चूल कशी पेटली हे आम्हांस ठाऊक आहे. इंग्रजी वाचता येणारा माणूस शेजारी असूनही हे घडले.

आता मूळ विषयाकडे वळू. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये स्थापन झाले. नंदन निलेकणी हे त्याचे पहिले अध्यक्ष. पहिले क्रमांक देण्याचा समारंभ दिल्लीत न होता २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच भाषेच्या मुलखात, महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली या आदिवासी गावी झाला. पंतप्रधान मनमोहनसिंग व सोनिया गांधी तेथे उपस्थित होत्या. ज्यांच्यापाशी कोणताच कागद नाही त्यांच्यापासून आरंभ करावा, हा त्यातील हेतू उघड होता. योजनेस पुढे २०१६ साली स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला.

क्रमांक बारा अंकी असतो. त्यातील पहिले अकरा अंक यदृच्छेने दिलेले असतात. त्यांवरून माणसाचा जिल्हा, वय वा कुळ काढता येत नाही. बारावा अंक मात्र पडताळ्याचा. याकोबस व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने तो आधीच्या अकरांवरून काढतात. त्यामुळे क्रमांक लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर यंत्र ते लगेच ओळखते. आमच्या वरच्या वर्गातील मुलांना ही युक्ती फार आवडते. परंतु नाव चुकले तर ते पकडणारा असा तेरावा अंक कोठेही नाही. ते काम माणसालाच करावे लागते.

आपल्या भागात नाव चुकते ते बहुधा कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. बेला हे सीमेवरचे गाव. शेजारी यवतमाळ व चंद्रपूर जिल्हे, सोयरिकी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर. आजोबांचे कागद निजामी अमलातील, म्हणून उर्दूत; वडिलांचा शाळेचा दाखला मराठीत; १९५६ नंतर आंध्र प्रदेश व २ जून २०१४ पासून तेलंगण, म्हणून आमचे सरकारी कागद तेलुगूत. आधारवर नाव इंग्रजीत टंकित होते आणि त्यावरून यंत्रच ते तेलुगूत उतरविते. एकाच नावास चार लिप्यांतून प्रवास करावा लागल्यावर ते वाटेत थोडे झिजणारच.

उदाहरण घ्या. 'लता' हे नाव महाराष्ट्रात इंग्रजीत लिहिताना 'त' साठी नुसता टी लिहितात. तेलुगू रीतीने तेथे टी-एच लिहितात. 'आत्राम' या गोंड आडनावाचेही तेच. नदीपलीकडच्या भावाच्या आत्राममध्ये एच नाही, अलीकडच्या भावाच्या आत्राममध्ये आहे. आमच्या 'शेख' मध्ये महाराष्ट्रात शेवटी एच असतो, आंध्र-तेलंगणात तो बहुधा गळतो. 'मोहम्मद' तर एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेला आम्ही पाहिला आहे, आणि त्यांपैकी एक तऱ्हा नुसती दोन अक्षरांची. त्यावर आणखी नावाच्या क्रमाचा प्रश्न. मराठी माणूस आधी स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव सांगतो. तेलुगू दप्तरात घराणे, म्हणजे इंटिपेरू, प्रथम येते आणि पुष्कळदा एका अक्षरात मिटते. यांत चूक कोणतीच रीत नाही. पण यवतमाळहून सून आली, तिचा शाळेचा दाखला एका रीतीचा आणि सासरचे रेशनकार्ड दुसऱ्या रीतीचे, की यंत्राच्या लेखी त्या दोन बायका झाल्या.

जन्मतारखेच्या बाबतीत दोष आम्हां शिक्षकांच्या पदरीही पडतो. पूर्वी मूल शाळेत घालताना पालकांस तारीख सांगता येत नसे; तेव्हा गुरुजी अंदाजाने वर्ष धरून जूनमधील एखादी तारीख ठोकून देत. आधारमध्ये नुसते वय सांगितलेल्यांचा जन्म एक जानेवारीस झाला असे यंत्राने धरले. परिणामी आपल्या गावात एक जानेवारीला इतक्या वृद्धांचे वाढदिवस येतात की सर्वांना पेढे वाटावयाचे तर दुकान कमी पडेल! विनोद सोडला तर गोष्ट गंभीर आहे. तेलंगणातील आसरा पेन्शन २०१४ मध्ये सुरू झाली; वृद्धांसाठी तिची वयोमर्यादा आधी ६५ होती, ती २०२२ मध्ये ५७ वर आणली गेली. ज्याचे वय कागदावर चार वर्षांनी कमी पडले त्याची चार वर्षांची पेन्शन गेली. आणि जन्मतारीख साधारणपणे एकदाच, नाव दोनदाच बदलता येते. म्हणून दुरुस्ती 'करून पाहू' म्हणून करावयाची नसते. आधी सर्व कागद एकत्र मांडून कोणते रूप कायम धरावयाचे हे ठरवावे, मगच केंद्रावर जावे.

कागदच नसलेल्या माणसासाठी योजनेत आरंभी 'परिचयकर्ता' ठेवला होता. ही कल्पना बँकेतून घेतलेली. खाते उघडताना जुन्या खातेदाराने ओळख द्यावी तशी. निवडून आलेले सभासद, अंगणवाडी सेविका, पोस्टमन, शिक्षक, स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी यांना हे काम देता येत असे. मात्र परिचयकर्त्याची स्वतःची नोंदणी आधी झालेली असली पाहिजे. कुटुंबप्रमुखाने आपल्या आधारवरून घरच्या माणसाची साक्ष देण्याचीही सोय आहे. अलीकडे नियम आवळले आहेत. अठरा वर्षांवरील नव्या माणसाची नोंदणी निवडक केंद्रांवरच होते व राज्य सरकारमार्फत पडताळणी होते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा नंतर जन्मलेल्या मुलास जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो. तेव्हा मूल जन्मले की बारशाच्या वा अकीक्याच्या गडबडीत जन्माची नोंद राहू देऊ नये.

पाच वर्षांखालील मुलाचे ठसे घेत नाहीत. छायाचित्र घेतात आणि आई किंवा वडील आपल्या आधारने साक्ष देतात. पाचव्या वर्षानंतर एकदा आणि पंधराव्यानंतर एकदा दहा बोटे व दोन्ही बुबुळे यांची नोंद करावी लागते. ती वेळेवर केल्यास फी नाही. पालक हे विसरतात, आणि शिष्यवृत्तीच्या वेळी धावपळ होते. तथापि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलास शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तसे कोणी सांगितल्यास भांडण न करता हा निकाल दाखवावा.

कापूस वेचणाऱ्यांच्या बोटांविषयी थोडे. बोंडाच्या टोकांनी व कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि काचेवर ठसा उमटत नाही. अशा माणसाला वेचणीच्या भरात केंद्रावर नेऊ नये. काही दिवस हातांना विसावा, रात्री तेल लावणे, आणि जाताना साबणाने स्वच्छ धुतलेले हात, इतक्याने पुष्कळदा काम भागते. ठसे चांगले न आले तरी जसे येतील तसे घेऊन नोंदणी पुरी करता येते. बोटेच नसतील तर अपवाद म्हणून नोंदविण्याची तरतूद आहे. रेशन दुकानातही अंगठा न जुळल्यास बुबुळावरून ओळख पटविता येते. ओळख पटली नाही म्हणून खऱ्या हक्कदारास लाभापासून वंचित ठेवू नये, असे प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात कळविले आहे. 'अंगठा लागत नाही, पुढच्या महिन्यात या' हे उत्तर शेवटचे नव्हे.

आता एक नाजूक गोष्ट. २०१९ च्या अखेरीस नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशात वाद पेटला, तेव्हा रात्री-बेरात्री माणसे आमच्या दारी येऊ लागली. आधारवरचे एक अक्षर चुकले आहे, आता आमचे कसे होणार, असे विचारीत. त्यांत आमच्या समाजाचे अधिक होते, पण केवळ तेच नव्हते. त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे लिहितो. आधार कायद्याच्या नवव्या कलमानुसार हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. वर्षभरात १८२ दिवस या देशात राहिलेल्या रहिवाशास तो मिळू शकतो. अर्थात तो असल्याने कोणी नागरिक ठरत नाही आणि त्यात अक्षर चुकल्याने कोणी परका होत नाही. धर्म, जात, भाषा यांची नोंद आधारमध्ये घेतलीच जात नाही. कायद्यातच तसे म्हटले आहे. भीतीने दुरुस्तीची संधी खर्ची घालण्यापेक्षा जन्मदाखला, शाळेचा दाखला व जमिनीचे पासबुक जपून ठेवणे अधिक उपयोगाचे.

मदत-टेबलाविषयी दोन शब्द लिहून थांबतो. आरंभी आमच्या स्वयंसेवकांनी उत्साहाच्या भरात येणाऱ्या प्रत्येकाच्या आधारची प्रत फाईलीत ठेवली. कपाट भरले. एका विचारी सभासदाने विचारले, 'हे आपण कशासाठी ठेवतो आहोत?' उत्तर कोणाजवळच नव्हते. दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड घेणे, अंगठ्यावर पैसे काढताना दोनदा अंगठा घेणे, असे प्रकार कानावर येत असताना दोनशे घरांच्या प्रती विनाकुलूप कपाटात ठेवणे हा शुद्ध निष्काळजीपणा होता. त्या सर्व प्रती ट्रस्टच्या आवारात जाळल्या. आता आम्ही प्रत ठेवीत नाही, क्रमांक लिहून घेत नाही. स्वयंसेवकाने केंद्रावर सोबत जावयाचे, पडद्यावरील नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, तारीख व पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचून त्या माणसास त्याच्या भाषेत सांगावयाचे, तो 'हो' म्हणेपर्यंत अंगठा लावू द्यावयाचा नाही, आणि पावती त्याच्याच हाती द्यावयाची. पावतीवर चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ असते. आधारचे पत्र आले नाही तर तिच्यावरून शोध घेता येतो. पुन्हा नवी नोंदणी करू नये, कारण जुने ठसे जुळून दुसरी नोंदणी रद्द होते. घरबसल्या चौकशीसाठी १९४७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. साल लक्षात असल्यास तो विसरण्याची भीती नाही.

खालांचे काम अखेर झाले. दुरुस्तीच्या दिवशी आम्ही पुन्हा त्यांच्या शेजारी बसलो आणि या खेपेस प्रत्येक अक्षर वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, 'मास्तर, माझे नाव इतके लांब आहे हे मला आजच कळले.'

टेबलावर येताना घरात असतील ते सर्व कागद आणावेत. फाटके असले तरी चालतील. जुने उर्दूतील असले तर तेही आणावेत. ते वाचणारे अजून आपल्यात आहेत.