गव्यांसाठी कुरण : जंगलात चारा कसा पेरावा, कुठे पेरू नये

काजूचा हंगाम तोंडावर आला की सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. गवे बागायतीत शिरले, कोवळी कलमे तुडवली, कुळागरातली केळी जमीनदोस्त केली. तक्रारीपाठोपाठ येणारी सूचनाही ठरलेली असते: त्यांना जंगलातच खायला द्या. ऐकायला ही सूचना भाबडी वाटते, पण वन्यजीव व्यवस्थापनात तिला आधार आहे. जंगलातील मोकळ्या जागा साफ करून, माती तयार करून तेथे चाऱ्याचे गवत वाढवण्याचे काम देशातील अनेक अभयारण्यांत झाले आहे. प्रश्न आहे तो ते कसे करायचे आणि त्यातून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची, याचा.

अमेरिकेतही हरणांसाठी असे चाऱ्याचे तुकडे पेरले जातात. तेथील खाजगी जमीनमालक क्लोव्हर किंवा सलगम लावतात, तो बहुतांशी शिकारीच्या हंगामात हरणे बंदुकीच्या टप्प्यात यावीत म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा हेतूच उरलेला नाही. येथे चारा लावायचा तो प्राणी जवळ यावेत म्हणून नव्हे, तर ते गावापासून दूर राहावेत म्हणून. या एका फरकामुळे जागेच्या निवडीपासून बियाण्यापर्यंत सारे गणित बदलते.

आधी गणितच पाहू. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला रोज आपल्या वजनाच्या साधारण दोन-अडीच टक्के सुका चारा लागतो. सहाशे किलोचा गवा धरला तर ते १२ ते १५ किलो सुके, म्हणजे पन्नास किलोहून अधिक हिरवे खाद्य होते. दहा गव्यांच्या कळपाला दिवसाला किमान १२० किलो सुका चारा हवा. चांगल्या जोपासलेल्या कुरणातून वर्षाला हेक्टरी तीन-चार टन सुके गवत मिळते असे धरले, तरी एक हेक्टर त्या कळपाला जेमतेम महिनाभर पुरेल. आणि गवत पुन्हा फुटावे म्हणून निम्मे राखायचे ठरवले तर पंधरवडाच. उद्घाटनाच्या फलकापुरता अर्धा एकर साफ करून गव्यांचा प्रश्न सुटत नाही, हे या हिशेबातूनच उघड व्हावे. अर्थात गवा केवळ गवतावर जगत नाही. झाडपाला, बांबूचे कोंब, साली, करमळासारखी रानफळे हेही त्याचे अन्न आहे. कुरण हा त्याच्या ताटातला एक पदार्थ, अख्खे ताट नव्हे.

गवत कमी का झाले, हेही समजून घ्यायला हवे. डोंगरउतारावरील कुमेरी शेती बंद झाली. पडीक कुमेरींवर काही वर्षे गवत माजत असे आणि गवे तेथे चरत. पुढे त्या जागांवर झाडोरा वाढला, काही ठिकाणी अकेशियाची लागवड झाली, आणि जिथे ऊन पोचते तिथे रानमोडी व घाणेरी यांनी ठाण मांडले. या दोन्ही परदेशी झुडपांना तृणभक्षी प्राणी सहसा तोंड लावत नाहीत. त्यांच्या दाट सावलीत गवताचे बी रुजत नाही. म्हणून कुरणाचे निम्मे काम पेरणीचे नसून उपटणीचे असते.

या कामाचे देशातले ठळक उदाहरण मध्य प्रदेशातील कान्हाचे. कठीण जमिनीवर वावरणाऱ्या बारशिंग्यांची संख्या तेथे १९७० मध्ये अवघी ६६ वर आली होती. त्या सुमारास उद्यानातील सोंफ गाव हलवण्यात आले, मोकळ्या झालेल्या शेतजमिनीवर गवत वाढू दिले गेले, कुंपण घालून काही बारशिंगे राखले गेले. आज तेथे बारशिंगे शेकड्यांनी आहेत आणि सोंफचे कुरण त्यांचे आवडते ठिकाण आहे. हे यश एका पावसाळ्याचे नव्हे, दशकांच्या राखणीचे आहे.

गोव्यात जागा निवडताना पहिला मोह सड्यांचा होतो, कारण ते आधीच मोकळे दिसतात. तो टाळायला हवा. जांभ्याच्या सड्यावर माती बोटभरच असते आणि पावसाळ्यात तेथे उगवणारी गवते व फुलझाडे ही स्वतंत्र, नाजूक सृष्टी आहे. तिच्यावर नांगर फिरवणे म्हणजे एक अधिवास वाचवण्यासाठी दुसरा मोडणे. योग्य जागा म्हणजे जंगलाच्या आतील जुनी पडीक शेते, रानमोडीने व्यापलेली मोकळीक, ओहोळाकाठची सखल जमीन. पाणी जवळ हवे, उतार सौम्य हवा आणि बागायतीची हद्द लांब हवी. हद्दीलगत चारा लावला तर गव्यांना बागेची वाट आपणच दाखवल्यासारखे होईल.

रानमोडी हिवाळ्यात फुलते आणि तिचे बी वाऱ्यावर पसरते. त्यामुळे पाऊस ओसरताना, माती ओली असताना, फुलोऱ्यापूर्वी ती मुळासकट उपटावी. केवळ कोयत्याने कापली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत उपयोगी आहे: मुख्य मूळ जमिनीखाली काही सेंटिमीटरवर तोडायचे आणि झुडूप उलटे करून वाळत ठेवायचे. पक्षी घाणेरीची फळे खाऊन उंच झाडांवर बसतात, म्हणून त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षे नवी रोपे शोधून काढावी लागतात. निधी बहुतेकदा पहिल्याच वर्षापुरता असतो, आणि अशी कामे बुडतात ती नेमकी येथे.

आता माती. आठ-दहा ठिकाणांहून सुमारे १५ सेंटिमीटर खोलीची माती घ्यावी, एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो तपासणीस द्यावी. आपली जांभी माती बहुधा आम्ल निघते. शेतात यावर चुना हा उपाय असतो, पण स्थानिक गवते याच आम्ल मातीत शतकानुशतके वाढली आहेत, त्यांना चुन्याचे लाड लागत नाहीत. रासायनिक खतही नको. गावातले शेणखत वापरायचे तर ते पूर्ण कुजलेले हवे, नाहीतर त्यातून तणांचे बी जंगलात जाते. खोल नांगरट टाळावी. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उघडी, भुसभुशीत माती पहिल्या महिन्यातच ओहोळाला मिळते. उताराला आडव्या, उथळ रेघा ओढल्या तरी पुरे.

बियाण्याबाबत एकच नियम पाळावा: जे गवत त्या परिसरात आपसूक वाढते, तेच लावावे. गोठ्यासाठी उत्तम ठरणारे गिनी गवत किंवा संकरित नेपियर अभयारण्यात नेले तर उद्या तेच तण होऊन बसेल. देशावर नावाजलेली मारवेल व पवना ही गवते तिथल्या कमी पावसाची आहेत, म्हणून ती इथे डोळे झाकून आणू नयेत. गवताचे बी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान पिकते. ते गोळा करून वाळवावे व कोरड्या जागी ठेवावे. अनेक गवतांचे बी काही महिने मुरल्यावरच चांगले उगवते. बी हलके आणि कुसळांचे असल्याने ओल्या मातीत किंवा वाळूत मिसळून फेकावे, वर मातीचा पातळ थर पुरतो. जुलैच्या धारांत बी वाहून जाण्याचा धोका मोठा आहे. त्यामुळे शक्य तेथे वाफ्यात ठोंब वाढवून जूनच्या उत्तरार्धात लावणे अधिक खात्रीचे. ५० सेंटिमीटर अंतराने लावल्यास हेक्टरी ४०,००० ठोंब लागतात. मजुरी जड आहे, पण ती लगतच्या गावांतच जाते.

पहिल्या वर्षी कुरण गुरांपासून आणि गव्यांपासूनही राखावे. मुळे धरण्यापूर्वी चरले गेलेले गवत उपटून येते. गुरांचा प्रश्न केवळ चाऱ्याच्या वाटणीचा नाही. १९६८ मध्ये बंडीपूर-मुदुमलाईच्या गव्यांत बुळकांडीने मोठी हानी केली होती. तो रोग जगातून गेला, लाळ्या-खुरकूत मात्र आहे. अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील गुरांच्या लसीकरणाची तरतूद कायद्यातच आहे. गुरे आणि गवे एकाच कुरणावर येणार असतील तर ती कागदावर राहून चालणार नाही.

एक अडचण मात्र पेरणीने सुटत नाही. गवत हिरवे असते पावसाळ्यात, आणि गवे बागायतीत येतात उन्हाळ्यात. फेब्रुवारीपासून कुरण पिवळे पडते, वणव्याचे भय वाढते, म्हणून त्याआधीच भोवती जाळपट्टे घ्यावे लागतात. उन्हाळ्यातला आधार हवा तर ओहोळाकाठी ओल टिकणारी गवते, बांबू, आणि उंबर, जांभूळ, करमळ अशी झाडे लावावी लागतील. त्यांना फळ यायला वर्षे जातात. तोवर बागायतदाराला कुंपणासाठी साहाय्य आणि वेळेवर भरपाई यांना पर्याय नाही. कुरणाचे कारण सांगून ती पुढे ढकलणे अन्यायाचे होईल.

चारा सुधारला की तृणभक्षी टिकतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे चार वाघ विषबाधेने मेले, ते गुरांवरील हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर. जंगलात गवा व सांबर मुबलक असतील तर वाघाला गोठ्याकडे वळण्याचे कारण कमी होते. पण कुरण गावाजवळ असेल तर हाच न्याय उलटा फिरतो. अभयारण्यातील अधिवासात असा कोणताही बदल करायचा तर कायद्याच्या २९ व्या कलमानुसार तो वन्यजीवांच्या हितासाठीच आहे, हे शासनाला पटावे लागते. म्हणूनच हे काम वनखात्याच्या व्यवस्थापन आराखड्यातून व्हावे, एखाद्या संस्थेने परस्पर बी फेकून नव्हे.

कामाचा क्रमही दिनदर्शिकेला बांधलेला आहे. तणांची उपटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बियाण्याचे संकलन त्यानंतर लगेच, ठोंबांचे वाफे उन्हाळ्यात, लावण जूनअखेर. बागायतीतल्या नासधुशीची ओरड मार्च-एप्रिलमध्ये होते आणि निर्णय मे महिन्यात घेतला जातो. तोपर्यंत त्या वर्षीचे बी गळून गेलेले असते.