तीनशे आठ किलोमीटरांचा एक तास

कोल्हापूर ते मुंबई रेल्वेने ५१८ किलोमीटर. मिरज-पुण्याहून वळसा घालत महालक्ष्मी एक्स्प्रेस त्यात रात्र घालवते. महामार्गाने हेच अंतर पावणेचारशेच्या घरात. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर भरतात सुमारे ३०८ किलोमीटर.

एटीआर-७२ हे पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास वेगाने जातं. म्हणजे सदतीस मिनिटांत मुंबई यायला हवी. वेळापत्रक मात्र सुमारे तासाभराचं असतं, कारण त्यातली वेळ 'ब्लॉक टाइम' असते. चाकांचे चॉक काढून विमान हललं की ती सुरू होते आणि मुंबईत ते जागेवर उभं राहिलं की संपते.

कोल्हापूरची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम, आणि मुंबई वायव्येला. त्यामुळे उड्डाणानंतर आधी वळायचं, मग वाट धरायची. तीन हजार मीटरांच्या खाली वेग साधारणपणे ताशी ४६० किलोमीटरपर्यंतच ठेवावा लागतो. लांबच्या प्रवासात चढण्या-उतरण्याची ही मिनिटं जिरून जातात. इथे प्रवासाचा मोठा हिस्सा तीच खातात. म्हणून जेट आणलं तरी वेळ निम्मी होत नाही.

खरी गाठ मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला बहुतेकदा पूर्वेला जाऊन, ठाण्याच्या खाडीवरून घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने मुख्य धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. पुढे रांग असेल तर आकाशात घिरट्या. पन्नास आसनांचं विमान असो वा तीनशेंचं, उतरण्याची एक पाळी दोघांनाही लागतेच. त्यामुळे छोट्यांना सोयीची वेळ मिळणं अवघड जातं.

छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' योजनेने अडीच हजार रुपयांच्या तिकिटाचा हिशेब मांडला, तोही एक तास म्हणजे साधारण पाचशे किलोमीटर असा. पहिल्या उड्डाणांत २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद होतं. हे अंतर जेमतेम २४५ किलोमीटर. पुढे एअर डेक्कनच्या छोट्या बीचक्राफ्टने कोल्हापूर-मुंबई सुरू झालं आणि काही काळाने बंद पडलं. १९३९ मध्ये राजाराम महाराजांनी विमानतळ उभारून दिलेल्या शहराला ही धरसोड शोभत नाही, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरच्या माणसाचं काम मंत्रालयात असतं, टाटा रुग्णालयात असतं. विमान दुपारी पोहोचलं, तर ती सगळी कामं दुसऱ्या दिवसावर जातात आणि वर मुंबईत मुक्कामाचा खर्च. त्यापेक्षा रात्रीची महालक्ष्मी बरी. ती निदान सकाळी उतरवते. सोयीच्या वेळेअभावी प्रवासी गळतात, आणि मग मार्गाला मागणीच नाही असा निष्कर्ष निघतो. तो अन्यायाचा आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. कोल्हापूरहून तो सरळ रेषेत वीसेक किलोमीटर जवळ आहे. ते वीस किलोमीटर म्हणजे दोन-तीन मिनिटं. त्यांचं फारसं अप्रूप नाही. सकाळी साडेआठच्या आत उतरणं आणि संध्याकाळी सातनंतर परतीचं उड्डाण, अशा दोन वेळा तिथे कोल्हापूर, नांदेड, जळगावसाठी आत्ताच राखून ठेवायला हव्यात. मोठ्या शहरांच्या विमानांनी वेळापत्रक भरल्यावर त्या मागून मिळणार नाहीत.