पंचच जेव्हा प्रतिस्पर्धी असतो...

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पंच कोण, हा प्रश्न सहसा पडत नाही. फलंदाजी करणाऱ्या संघातील जो गडी बाद होऊन बसला आहे किंवा ज्याची पाळी अद्याप यायची आहे, तोच पंच म्हणून उभा राहतो. त्याचा कल कोणाकडे असणार, हे सर्वांनाच ठाऊक असते आणि डाव बदलला की समोरच्या संघाचा माणूस त्याच जागी उभा राहणार, हेही ठाऊक असते. पक्षपात उघड असतो आणि दोन्ही बाजूंना सारखाच वाटला गेलेला असतो, म्हणून तो खपून जातो. मात्र गुणतक्ता, प्रवेशशुल्क, बाद फेरी आणि नेमलेले पंच अशी रचना असलेल्या स्पर्धेत हे समीकरण टिकत नाही. अमेरिकेतील हौशी सॉफ्टबॉल लीग हे त्याचे बोलके उदाहरण आहे. तेथे एका संध्याकाळी पंचगिरी करणारी व्यक्ती दुसऱ्या संध्याकाळी त्याच लीगमध्ये खेळाडू म्हणून उतरते. असे करणे गैर आहे काय, असल्यास नेमके कोठे, आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार हौशी खेळाच्या कोणत्याही मैदानाला उपयोगी पडणारा आहे.

संध्याकाळचा खेळ

शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल महाराष्ट्रातही अपरिचित नाही. या खेळाचा जन्म १८८७ मध्ये शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. जॉर्ज हॅनकॉक यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो टोलवण्याचा खेळ बंदिस्त दालनात मांडला, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. १९३३ मध्ये ‘अ‍ॅमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन’ स्थापन झाली आणि नियमांना एकसारखेपणा येऊ लागला. हीच संघटना २०१७ पासून ‘यूएसए सॉफ्टबॉल’ या नावाने ओळखली जाते.

अमेरिकेत सर्वसामान्य नागरिक खेळतात तो प्रामुख्याने ‘स्लो पिच’ सॉफ्टबॉल. यात चेंडू वेगाने न टाकता उंच कमान करून फलंदाजाकडे सोडायचा असतो. त्यामुळे तरुणांपासून निवृत्तांपर्यंत आणि स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांपर्यंत सर्वांना तो खेळता येतो. अनेक शहरांत नगरपालिकेचा उद्यान व मनोरंजन विभागच या लीग चालवतो. कार्यालये, चर्च, उपाहारगृहे यांचे संघ शुल्क भरून त्यात भाग घेतात. बक्षीस बहुधा एखादा करंडक किंवा टी-शर्ट. परंतु बक्षीस लहान असले म्हणून ईर्षा लहान असते असे नव्हे.

अशा लीगला पंच लागतात, आणि ते मिळत नाहीत, हे खरे दुखणे आहे. सामन्यामागे मिळणारे मानधन बेताचे, प्रेक्षकांचे आणि खेळाडूंचे टोमणे मात्र भरपूर. २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात अमेरिकेतील शालेय स्पर्धांच्या सुमारे ५० हजार पंच-अधिकाऱ्यांनी काम सोडल्याचे तेथील शालेय क्रीडा महासंघाने सांगितले होते. ही संख्या सर्व खेळांतील आणि शालेय पातळीवरील असली, तरी हौशी लीगलाही त्याच तुटपुंज्या मनुष्यबळातून पंच शोधावे लागतात. मग उरतो एकच मोठा साठा : स्वतः खेळाडू. नियम त्यांना ठाऊक असतात, मैदान जवळ असते आणि खेळाची आवडही असते. खेळाडूंना पंचगिरी सरसकट बंद करायची, तर अनेक ठिकाणी सामनेच बंद ठेवावे लागतील.

नियमातील मोकळी जागा

सॉफ्टबॉलच्या नियमपुस्तकात पंचांसाठी असलेल्या सूचनांत एक गोष्ट स्पष्ट आहे. सामन्यातील दोहोंपैकी कोणत्याही संघाशी पंचाचा संबंध नसावा. तो त्या संघाचा खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक, पदाधिकारी, गुणलेखक किंवा पुरस्कर्ता नसावा. स्वतःच्या संघाच्या सामन्यात कोणी पंच होत नाही, एवढी काळजी बहुतेक ठिकाणी घेतली जाते.

पण हा नियम सामन्यातील दोन संघांपुरता बोलतो. लीग मात्र दोन संघांची नसते. समजा, आठ संघांच्या लीगमधून चार संघ बाद फेरीत जाणार आहेत. तीन जागा निश्चित झाल्या आहेत. चौथ्या जागेसाठी ‘अ’ आणि ‘क’ यांच्यात चुरस आहे. ‘क’ संघाचे सामने संपले आहेत; ‘अ’ आपला शेवटचा सामना ‘ब’शी खेळतो आहे. ‘अ’ जिंकला तर तो पुढे जाईल, हरला तर ‘क’. या सामन्याचा पंच ‘क’ संघाचा खेळाडू आहे. नियमपुस्तकातील शब्दांनुसार तो दोन्ही संघांपासून अलिप्त आहे. प्रत्यक्षात मैदानावर हजर असलेल्या अनेकांपेक्षा निकालात त्याचेच हित अधिक गुंतलेले आहे.

हे उदाहरण टोकाचे वाटेल, परंतु गुणतक्ता असलेल्या कोणत्याही स्पर्धेत, विशेषतः शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, अशी स्थिती सहज उद्भवते. त्याखेरीज आणखी काही सूक्ष्म प्रकार आहेत. गेल्या मंगळवारी ज्या खेळाडूशी धक्काबुक्कीपर्यंत वाद गेला, त्याच खेळाडूच्या मागे या गुरुवारी पंच म्हणून उभे राहावे लागते. बेशिस्तीबद्दल खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार पंचाला असतो आणि त्याच्या अहवालावरून निलंबनही होऊ शकते. ज्याच्याशी पुढच्या आठवड्यात सामना आहे, त्या संघाच्या हुकमी फलंदाजाविषयी असा अहवाल लिहिण्याची वेळ आली, तर तो कितीही खरा असला तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? उलट दिशेनेही प्रश्न आहेच. पंच असलेला खेळाडू फलंदाजीला आला, की मागे उभा असलेला पंच त्याचा सहकारी असतो. त्याला झुकते माप मिळाले अशी कुजबुज होते. कधी कधी ते टाळण्याच्या नादात त्याच्यावरच अन्याय होतो.

अपील नाही, म्हणून...

येथे सॉफ्टबॉलच्या पंचगिरीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. स्लो पिचमध्ये चेंडूची कमान ठरलेल्या किमान आणि कमाल उंचीच्या दरम्यान होती की नाही, हे पंच नजरेने ठरवतो. चेंडू ‘स्ट्राइक’ की ‘बॉल’, धावपटू बेसवर आधी पोहोचला की चेंडू, क्षेत्ररक्षकाने वाट अडवली का, हेही तोच ठरवतो. अनेक लीगमध्ये सामन्याला वेळेची मर्यादा असते. तेव्हा आणखी एक डाव सुरू करायचा की नाही, हे त्याच्या मनगटावरील घड्याळावर अवलंबून असते. दूरचित्रवाणीचे कॅमेरे नाहीत, तिसरा पंच नाही, आणि कित्येकदा संपूर्ण मैदानावर एकच पंच असतो.

अशा निर्णयांविरुद्ध दाद मागता येत नाही, ही यातील कळीची बाब. पंचाने नियम चुकीचा लावला, तर संघाला रीतसर तक्रार नोंदवता येते. पण धावपटू बाद होता की नव्हता, यांसारख्या निव्वळ अंदाजाच्या निर्णयाबाबत तक्रार ग्राह्य धरली जात नाही. हे योग्यच आहे. अन्यथा एकही सामना पूर्ण होणार नाही. पण निकालानंतर दुरुस्तीची सोय नसेल, तर निःपक्षपातीपणाची हमी निकालाआधीच द्यावी लागते. ती द्यायची एकमेव जागा म्हणजे पंचाची नेमणूक.

न्यायालयांनी हे तत्त्व फार पूर्वी स्वीकारले. आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश असू नये, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला पाठ. १९२३ मध्ये इंग्लंडमधील एका गाजलेल्या खटल्यात, न्यायदंडाधिकाऱ्यांचा लिपिक हा एका पक्षकाराच्या वकिलांच्या पेढीतील भागीदार होता, एवढ्याच कारणावरून शिक्षा रद्द झाली. त्याने निर्णयात ढवळाढवळ केली नव्हती, तरीही. न्याय होणे पुरेसे नाही, तो होताना दिसलाही पाहिजे, हे सूत्र त्या निकालाने रूढ केले.

इतिहासाची साक्ष

सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ बेसबॉल याने हा धडा कटू अनुभवातून घेतला. डिक हायम हा पूर्वाश्रमीचा खेळाडू नंतर पंच झाला. १८८२ मध्ये डेट्रॉइट संघाच्या अध्यक्षांना त्याच्या निर्णयांचा संशय आला, त्याचा जुगाऱ्याशी असलेला पत्रव्यवहार उघड झाला आणि तो कायमचा हद्दपार झाला. हा उघड भ्रष्टाचार होता. याउलट पॅट होबर्ग या नावाजलेल्या पंचाचे प्रकरण अगदी अलीकडचे आहे. बेसबॉलवर पैजा लावणाऱ्या मित्राबरोबर त्यांनी सट्ट्याची खाती वापरली, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. त्यांनी एखाद्या सामन्याचा निकाल फिरवल्याचा पुरावा सापडला नाही, हे लीगनेच सांगितले. सचोटीविषयी शंका निर्माण होईल असे वर्तन, हेच कारवाईला पुरेसे ठरले.

क्रिकेटनेही हीच वाट चोखाळली. यजमान देशाचेच पंच असण्याची रीत वर्षानुवर्षे चालली आणि तितकीच वर्षे कुरबुरीही चालल्या. १९८६ मध्ये पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याच्या आग्रहाने लाहोरच्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच उभे राहिले. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशाचे असावेत, असा नियम झाला. करोनाकाळात, २०२० मध्ये, प्रवासबंदीमुळे तो तात्पुरता बाजूला ठेवावा लागला. पूर्वीचे सारे यजमान पंच अप्रामाणिक होते, असे या नियमाचे म्हणणे नव्हते. संशयाला जागाच राहू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

उपाय खर्चाचे नाहीत

हौशी लीगला त्रयस्थ पंच परगावाहून आणणे परवडणार नाही. पण बहुतेक उपायांना पैसे लागतच नाहीत. पहिला उपाय प्रकटीकरणाचा. प्रत्येक पंचाने आपण कोणत्या संघातून, कोणत्या गटात खेळतो आणि कोणत्या संघात आपले निकटचे नातेवाईक आहेत, हे हंगामाच्या आरंभी लेखी कळवावे आणि ती यादी सर्व कर्णधारांना खुली असावी. दुसरा उपाय विभागणीचा. मंगळवारच्या गटात खेळणाऱ्याने गुरुवारच्या गटात पंचगिरी करावी. किंवा शेजारच्या दोन शहरांनी आपापल्या खेळाडू-पंचांची अदलाबदल करावी. तिसरा, नेमणुका ठरवणारी व्यक्ती स्वतः कोणत्याही संघात खेळणारी नसावी. चौथा, हंगामाच्या अखेरच्या आठवड्यांत आणि बाद फेरीत त्या गटातील खेळाडूला पंच नेमूच नये. आणि अगदीच नाइलाज झाला, तर सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना सांगून त्यांची संमती घ्यावी. आधी दिलेली संमती नंतरच्या कटुतेला बऱ्याच अंशी आवर घालते.

भारतीय क्रिकेटमध्ये लोढा समितीच्या शिफारशींनंतर नियामक मंडळाच्या २०१८ च्या घटनेत हितसंबंधांच्या संघर्षाचे दोन प्रकार सांगण्यात आले : माहिती उघड केल्याने किंवा त्या निर्णयापुरते दूर झाल्याने सुटणारे, आणि पद सोडल्याशिवाय न सुटणारे. ही विभागणी छोट्या मैदानांनाही लागू पडते. खेळाडू-पंचांची बहुतेक प्रकरणे पहिल्या प्रकारात मोडतात. तीच लपवून ठेवली, तर ती दुसऱ्या प्रकारात ढकलली जातात.

‘मी प्रामाणिक आहे, मग माझ्यावर बंधन कशाला?’ असे खेळाडू-पंच विचारतात, तेव्हा त्यांचा दुखावलेपणा समजण्याजोगा असतो. रामशास्त्री बाण्याची माणसे प्रत्येक मैदानावर असतात. पण बंधनाचा पहिला लाभ त्यांनाच होतो. नवव्या आठवड्यातील निर्णायक धावेवर ‘बाद’ असा अचूक निर्णय देऊनही ज्याला वाहनतळापर्यंत शिव्या ऐकाव्या लागतात, तो पंच पुढच्या हंगामात परत येत नाही. पंचांची टंचाई हे खेळाडू-पंच नेमण्याचे कारण सांगितले जाते. योग्य नेमणुकीची शिस्त पाळली नाही, तर तीच टंचाई वाढत जाईल.