‘घर’ म्हणजे कोठपर्यंत?

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे वाक्य मी दर वर्षी महाविद्यालयातल्या मराठीच्या नव्या वर्गाला ऐकवतो. पण ‘घर’ या दोन अक्षरी शब्दाचा अर्थ मला खरा समजला तो यंदाच्या आषाढात, रात्री दोन वाजता, आणि तोही अंधारात!

झाले ते असे. गेल्या पाडव्याला आम्ही विजेवर चालणारी मोटार घेतली. मोटार आली म्हणजे दारात चार्जर आला. त्यातच माझ्या आईला डॉक्टरांनी रात्री प्राणवायूचे यंत्र लावायला सांगितलेले. वीज गेली की यंत्र बंद. तेव्हा चार्जरबरोबर घरात एक मोठी बॅटरीही बसवून टाकावी, असे आम्ही ठरवले.

हे काम करणारा गृहस्थ परका नव्हता. माझाच जुना विद्यार्थी. त्याने एका कागदावर अंदाजपत्रक दिले : ‘बॅटरी 5 युनिट, इन्व्हर्टर 5 किलोवॅट, चार्जर 7.4 किलोवॅट, संपूर्ण घराला बॅकअप.’ खाली रकमेचा आकडा. मी करारपत्राचा विषय काढला, तेव्हा तो कानाची पाळी पकडून म्हणाला, “सर, तुमच्याशी कागद करायचा? शोभेल का मला?” मलाही ते शोभेना. निम्मी रक्कम त्याच दिवशी दिली.

आषाढातल्या त्या रात्री पावसाने आमच्या भागातली वीज गेली. मी जागा झालो. खाली दिवाणखान्यात पंखा गरगर फिरत होता, दिवा लख्ख होता. वर आईच्या खोलीत मात्र काळोख, आणि यंत्र गप्प. बॅटरीची तार वरच्या मजल्यावर गेलीच नव्हती! घरात प्राणवायूचा एक लहान सिलिंडर अडीअडचणीसाठी ठेवलेला होता, म्हणून निभावले. पण तो लावताना माझे हात किती कापत होते, ते मीच जाणतो.

सकाळी विद्यार्थी धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. “सर, आमच्या धंद्यात घर म्हणजे हॉल आणि किचनच धरतात हो. वरच्या मजल्याचे तुम्ही बोलला नाहीत.” मी संतापलो, बोलू नये ते बोललो. तो मान खाली घालून निघून गेला. तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, “त्याने फसवले नाही, आणि तुम्हीही खोटे बोलत नाही. एकच शब्द दोघांनी दोन अर्थांनी वापरला. मराठीचे प्राध्यापक ना तुम्ही? मग आधी अर्थ का नाही विचारलात?”

यावर काय बोलणार!

मग मी ते अंदाजपत्रक परीक्षेचा पेपर तपासावा तसे तपासायला घेतले. ‘अर्थिंग करण्यात येईल.’ ‘वाढीव भाराची परवानगी घेण्यात येईल.’ कोण करील? कोण घेईल? सगळ्या कागदात कर्ताच नाही! आणि जेथे वाक्याला कर्ता नसतो, तेथे कामालाही वाली नसतो. आमचा मंजूर वीजभार 3 किलोवॅट, चार्जर 7.4 चा, आणि वाढीव भाराचा अर्ज कोणीच केलेला नव्हता. तो म्हणे मी करायचा. मी म्हणे त्याने. विशेषणेही तशीच : ‘उत्तम’ प्रतीची तार, ‘योग्य’ जागा, ‘लवकरात लवकर’. या शब्दांना ना लांबी, ना जाडी, ना तारीख.

कायद्याची पुस्तके चाळली, तेव्हा कळले की 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे साधा तोंडी करारही करारच असतो. अडचण वैधतेची नसते, पुराव्याची असते. कोण काय बोलले, ते चार महिन्यांनी कोणी सांगायचे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. 1915 या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण आयोगापुढेही हातात कागद असला तर बोलायला बळ येते.

चार दिवसांनी मीच त्याला चहाला बोलावले. दोघांनी मिळून नवा करार लिहिला. त्यातली कलमे वाचकांच्या उपयोगी पडतील, म्हणून सांगतो.

पहिले, वस्तू. बॅटरीचा बनवणारा, नमुना, अनुक्रमांक, तिची रासायनिक जात आणि तिच्यातली प्रत्यक्ष वापरता येणारी वीज. 5 युनिटच्या बॅटरीतून साडेचार युनिट वापरता येतात असे धरले, तर साडेतीनशे वॅटचे प्राणवायूचे यंत्र त्यावर सुमारे बारा तास चालते. हे गणित करारातच लिहिले.

दुसरे, ‘घर’. वीज गेल्यावर कोणकोणत्या खोलीतले कोणते दिवे, पंखे आणि प्लग चालू राहतील, त्याची यादी नकाशासह. आमच्या यादीत पहिली ओळ आईच्या खोलीची. चार्जर मात्र बॅटरीवर मुद्दाम घेतला नाही. 7.4 किलोवॅटचा चार्जर 5 किलोवॅटच्या इन्व्हर्टरला पेलत नाही. आणि मोटारीची बॅटरी घरच्या बॅटरीच्या कितीतरी पट मोठी, तेव्हा सावत्र आईसारखी ती सगळे दूध पिऊन टाकायची!

तिसरे, तार. चार्जर सुमारे 32 अँपिअर वीज तासन्‌तास ओढतो. म्हणून त्याला मीटरपासून स्वतंत्र तार, तीही 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची. वेगळा खटका, गळती होताच वीज तोडणारे साधन आणि अर्थिंग. काम सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराने करायचे आणि चाचणीचा अहवाल सहीनिशी द्यायचा.

चौथे, परवानग्या. वीज कंपनीकडे अर्ज कोण करील, शुल्क कोण भरील. 2024 च्या फेब्रुवारीत नियम दुरुस्त झाले, त्यानुसार मोटारीसाठी स्वतंत्र वीजजोडणीही मागता येते. सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीचे पत्र आधी हातात घ्यावे. सौरपट्ट्या बसवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की 2024 च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतले 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान पट्ट्यांच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नव्हे.

पाचवे, पैसे. सगळे आगाऊ देऊ नयेत. टप्पे पाडावेत, आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यावा. सहावे, हमी. बॅटरीची हमी बनवणाऱ्याची, जोडकामाची हमी बसवणाऱ्याची; दोन्ही वेगळ्या लिहाव्यात. वर्षांबरोबरच, मुदतीअखेर बॅटरीची क्षमता किती टक्के शिल्लक राहील, तेही विचारावे. सातवे, मध्येच काही बदलले तर तो बदल आणि त्याची किंमत काम करण्यापूर्वी लेखी.

वर तार नेण्याचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. सही करताना तो म्हणाला, “सर, खरे सांगू? यात माझेही भले आहे. गिऱ्हाईक रोज नवे काम सांगते आणि पैसे जुनेच देते.” तेव्हा मला उमगले, की कागद अविश्वासापोटी करायचा नसतो. ज्याच्याशी संबंध टिकवायचा, त्याच्याशी तर तो अगत्याने करावा. परक्याशी भांडण झाले तर पैसे जातात. आपल्या माणसाशी झाले तर माणूस जातो.

साक्षीदार म्हणून आईने चष्मा पुसून, सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली.

वसुबारसेच्या संध्याकाळी चाचणी झाली. सर्वांच्या समक्ष त्याने घराचा मुख्य खटका खाली ओढला. या वेळी दिवाणखान्यातला पंखा हळूहळू थांबला. तो आम्ही यादीतून काढला होता. मी कान टवकारून जिन्याशी उभा होतो. वरून यंत्राची घरघर चालूच होती. आणि पाठोपाठ आईचा आवाज आला, “अरे, त्या मुलाला फराळाचे देणार आहेस, की तेही करारात लिहायला हवे होते?”