कीर्तनातून उभी राहिलेली छपरे

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. कुरआनने सांगितलेल्या तिच्या आठ हक्कदारांत फकीर-मिस्कीनांबरोबर आसरा नसलेला मुसाफिरही आहे. त्याला काय द्यावे?

गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) आपले कीर्तन दिले. त्यातून जमलेल्या पैशांवर पंढरपूर, नाशिक, आळंदीत धर्मशाळा झाल्या; मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला सोपवली. स्वतःसाठी काहीच ठेवले नाही.

कीर्तनाची ही परंपरा संत नामदेवांपर्यंत जाते आणि नामदेवांचे नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. इथल्या कीर्तनकार, शाहीर, कव्वालांनी एका रात्रीची बिदागी स्टँडवर झोपणाऱ्यांसाठी ठेवली, तर ज्यांना दारच नाही त्यांच्यापर्यंतही ईद पोहोचेल.