हजेरीचा हिशेब

गोदीतले रोजचे शब्द बघा. हमाल, मुकादम, बदली, हजेरी. मूळ अरबीतले, पण आता कुणाला परके वाटत नाहीत. मुकादम म्हणजे पुढे उभा केलेला माणूस. 'सेवाज्येष्ठता' हा शब्द मात्र कचेरीतला. गोदीत त्याला 'सिन्यॉरिटी' म्हणतात, आणि ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही, त्याची तीच खरी शिल्लक असते.

पगारदार माणसाची ज्येष्ठता सोपी. रुजू झाल्याची तारीख पाहिली की झाले. बोलावले तरच काम, अशा माणसाचे तसे नसते. त्याची वर्षे मोजत नाहीत, दिवस मोजतात. प्रश्न एवढाच की मोजणारा कोण आणि वही कुणाकडे?

मुंबई गोदीत एके काळी ही वही टोळीवाल्याच्या डोक्यात असे. जहाज धक्क्याला लागले की तो माणसे निवडायचा. काल राबलेला आज पुन्हा रांगेत शेवटी. 1931 च्या अहवालात रॉयल कमिशनने गोदी कामगारांची नोंदणी करावी असे सुचवले, पण कायदा व्हायला 1948 उजाडले. पुढे मुंबईत गोदी कामगार मंडळ आले. नोंदलेल्या कामगारांपैकी काही मासिक, बाकीचे राखीव. राखीव कामगाराने हजेरी द्यायची, काम पाळीपाळीने मिळायचे, आणि काम नसले तरी हजेरीचा भत्ता मिळायचा. माझ्या मते मोठी गोष्ट वेगळीच होती. कामगाराचे नाव एखाद्या स्टिव्हेडोरच्या वहीत नव्हते, मंडळाच्या यादीत होते. मालक बदलला तरी ज्येष्ठता माणसाबरोबर चालत राहिली. 1994 मध्ये हे मंडळ मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले.

खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले ते कंटेनर आणि क्रेन घेऊनच. तिथे असे मंडळ कधी आलेच नाही. बंदराचे कायम कर्मचारी वेगळे, खासगी टर्मिनलचे वेगळे, आणि भोवतालच्या यार्डांत ठेकेदारांची माणसे. यार्ड तेच, काम तेच, पण ठेका बदलला की पुष्कळदा रुजू तारीख नवी पडते. मागची सात-आठ वर्षे कुठे गेली, हे कुणी सांगत नाही.

कायदा अशा माणसाला एक आकडा देतो: 240. मागच्या बारा महिन्यांत एकाच मालकाकडे 240 दिवस काम भरले, तर एक वर्ष सलग सेवा झाली असे मानायचे. पगारी साप्ताहिक सुटी आणि सणाची पगारी सुटीही त्यात धरायची, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितले. ही मोजणी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिनेही हा आकडा ठेवला आहे.

240 भरले की माणूस कायम होतो, ही समजूत मात्र खोटी आहे, आणि तिने पुष्कळांना फसवले आहे. सरकारी सेवेपुरते तर 2006 च्या उमादेवी निकालाने ते स्पष्टच केले. मिळते ते एवढे: कपात करताना नोटीस आणि भरपाई, आणि सर्वसाधारण नियम असा की शेवटी आलेला आधी जातो. पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्याला आधी विचारायचे. एवढे तरी कमी नाही.

पण ते 240 दिवस सिद्ध कुणी करायचे? कामगाराने. 2002 च्या एका निकालात न्यायालयाने म्हटले की नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. मस्टर ठेकेदाराच्या कपाटात, आणि पुरावा मागायचा मजुराकडून! म्हणून जुना गेट पास टाकून देऊ नये, पगाराची चिठ्ठी जपावी. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात कोणत्या महिन्याला कोणाकडून पैसे जमा झाले ते उमटते, तेही तपासत राहावे. आणि ठेका बदलतोय अशी कुणकुण लागली की संघटनेकडे आधी जावे. 'माणसे तीच, रुजू तारीख जुनीच' हे नव्या करारात लिहून घ्यायचे असते ते सहीपूर्वी.